पंच न बोलावलेली झडती

घाटाखालच्या एका गावाच्या वेशीवर एक नाका होता, आणि त्या नाक्यावर दोन शिपाई होते, भिवबा आणि रायाजी. भिवबा कामाला चोख. पण रायाजीचं कौतुक कानावर आलं की त्याला घास गोड लागत नसे. रायाजीने दोन चोर पकडले म्हणून पाटलाने त्याला जरीचा फेटा बांधला, तेव्हापासून तर भिवबाची झोपच उडाली. त्यात बायको सहज म्हणून गेली, "रायाजीभावजी किती शांतपणे बोलतात हो!" झालं, त्या दिवशी भाजीसुद्धा खारट लागली.

गावाचा एक रिवाज होता. कुणाचं ओझं उघडायचं, तर आधी संशयाचं कारण सांगायचं, दोन पंच बोलवायचे आणि त्यांच्यासमोर शिपायाने पहिल्यांदा स्वतःची झडती द्यायची. हे न करता सापडलेली वस्तू न्यायसभा पुरावा म्हणून धरत नसे.

एकदा देवीची नथ चोरीला गेली. देवळात झाडलोट करणाऱ्या सगुणाबाईवर आळ आला. खरा चोर कोण ते सिद्ध होईपर्यंत तिला देवळाची पायरी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान केरबा नाक्यावर आला. तो मान खाली घालून निघालेला पाहून भिवबाने त्याला अडवलं. पंचांना हाक मारणार, तोच त्याला दिसलं, की पंच पारावर बसलेत आणि त्यांच्याशी रायाजी बोलतोय. म्हणजे पंच आले की हाही येणार, आणि काही सापडलं तर नाव पुन्हा याचंच! भिवबाने एकट्यानेच पोती उसकटली. बाजरीच्या पोत्यात नथ निघाली!

तो जवळजवळ नाचतच न्यायसभेत गेला.

"गाडी का अडवलीस?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तो माझ्याकडे बघत नव्हता, महाराज."

"माझ्याकडेही निम्मं गाव बघत नाही. पंच कोण होते?"

"बोलावले नव्हते, महाराज."

केरबा लगेच ओरडला, "सरकार, नथ यानेच टाकली पोत्यात! याला फेटा हवाय, अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

सभेत हशा पिकला. भिवबाचे कान लाल झाले. "देवीशपथ, मी नाही टाकली!"

"माझा विश्वास आहे," न्यायाधीश म्हणाले. "पण उद्या खरंच कुणी टाकली, तर तोही हीच शपथ घेईल. पंच काय चोराच्या सोयीसाठी असतात? ते तुझ्यासाठी असतात, भिवबा."

दुसरा पुरावा नव्हता. नथ देवीला परत गेली आणि केरबा सुटला.

बाहेर येताना रायाजी हळूच म्हणाला, "देवळामागे केरबाच्या गाडीच्या चाकोऱ्या दिसल्या होत्या. झडतीला तेवढं कारण पुरलं असतं. पंचांना घेऊन मी तुझ्याकडेच येत होतो रे." त्याने टोमणा मारला असता तर बरं, असं भिवबाला वाटलं.

देवळाच्या पायरीशी सगुणाबाई उभी होती. "दादा, नथ सापडली म्हणे," ती म्हणाली. "मग आता मी आत जाऊ ना?"

भिवबाला तिच्याकडे बघवलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला श्रेय मिळू नये म्हणून जो नियम मोडतो, त्याच्या हाती आलेलं सत्यही वाया जातं, आणि त्याची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.