काळ्या खाणीत दगड फोडणारा

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथला राजा न्यायनिवाडा स्वतः करी. गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा एकच, डोंगरावरच्या काळ्या खाणीत दगड फोडणं. कुणाला वर्षभर, कुणाला दहा वर्षं. राजाने एक दिवसही कधी कमी केला नाही.

न्यायसभेच्या दाराशी एक द्वारपाल उभा असे. त्याला एक गोष्ट कळत नव्हती. शिक्षा झालेले लोक मागच्या दाराने जात, आणि पुढे कधीतरी बाजारात दिसत. कुणी वांगी विकत असे, कुणी बैल हाकत असे. खाणीतला घणाचा आवाज मात्र रोज सभा उठल्यावर खालपर्यंत ऐकू येई.

एकदा त्याने चिटणिसांना विचारलं, "हे लोक तर मोकळे फिरतात. शिक्षा होते की नाही?"

"होते. शेवटच्या दगडापर्यंत होते," चिटणीस म्हणाले.

"मग भोगतं कोण?"

"ते ज्याला शिक्षा होते, त्यालाच कळतं."

या उत्तराने द्वारपालाची झोप उडाली. कारण त्याचा प्रश्न नुसता उत्सुकतेचा नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ विणकर होता. त्याच्या हातच्या वस्त्राचं पंचक्रोशीत कौतुक होई आणि थोरल्याचं नाव कुणी घेत नसे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी थोरल्याने धाकट्याच्या छपरात सुताच्या ढिगावर निखारा टाकला होता. सूत जळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण धाकटा माग वाचवायला आत धावला. जीव वाचला, पण बोटं अशी भाजली की पुन्हा उघडलीच नाहीत. चुलीतली ठिणगी उडाली असेल, असं लोक म्हणाले. द्वारपालानेही मान हलवली.

तेव्हापासून तो दर आठवड्याला भावाकडे धान्य पोचवी. धाकटा म्हणे, "दादा, तू आहेस म्हणून दिवस निघतात." ते ऐकलं की द्वारपालाला तिथून कधी एकदा निघतो असं होई.

एके दिवशी बाजारात त्याला एक बाई दिसली. शेजारणीच्या दुभत्या गाईला विष घातल्याबद्दल तिला चार वर्षांची शिक्षा झाली होती. त्याने तिला गाठलं. "बाई, तू इथे कशी? खाणीत कोण आहे?"

बाईचे डोळे भरून आले. "मी सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. जाऊन बघा," ती म्हणाली.

न्यायसभेला सुट्टी होती त्या सकाळी द्वारपाल डोंगर चढून गेला. खाणीत एकच माणूस पाठमोरा दगड फोडत होता. अंगावर जाडंभरडं धोतर, तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या. चाहूल लागून तो वळला. तो राजा होता.

राजाने कपाळाचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला, "तिकडे घडा आहे. थोडं पाणी दे."

द्वारपालाने पाणी दिलं. मग धीर करून विचारलं, "महाराज, ही शिक्षा कुणाची?"

"गाय मारणाऱ्या बाईची. अजून दीड वर्ष आहे."

"तिने आपल्याला काय दिलं?"

"काय देणार? आपण केलं ते तिने कबूल केलं आणि माझ्यापुढे हात जोडले."

"पण आपण राजे आहात. नुसती माफी दिली असती तरी चाललं असतं."

"आणि त्या शेजारणीला काय सांगू? की तुझं नुकसान झालंच नाही? हे दगड तिच्या गोठ्याला जातात. वाईट झालं ते वाईटच. कुणालातरी ते सोसावंच लागतं."

द्वारपाल खाली बघत म्हणाला, "आणि ज्याने कबूलच केलं नाही, त्याचं काय?"

राजाने खाणीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे फोडलेल्या दगडांचा एक वेगळा ढीग होता. "तो तुझ्या भावाच्या घरासाठी आहे. तीन वर्षं झाली सुरुवात करून."

तीन वर्षं द्वारपाल ज्याच्या दाराशी उभा राहत होता, त्याला सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो भावाला न्यायसभेत घेऊन आला, आपणहून आरोपीच्या जागी उभा राहिला आणि त्याने भावासमोर सगळं सांगितलं. राजाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. धाकटा पाठ फिरवून निघून गेला.

मागच्या दाराशी राजाने घण उचलला. द्वारपालाने त्याचा हात धरला. "हा माझा आहे, महाराज. मला फोडू द्या."

"जन्मभर फोडलास तरी त्याची बोटं उघडणार नाहीत, आणि तुझं मनही धुतलं जाणार नाही," राजा म्हणाला. "सोड."

ती मूठ सैल करणं त्याला सगळ्यात जड गेलं. पण त्याने ती सोडली.

मग तो रोज खाणीतले दगड गाडीत भरून भावाच्या अंगणात नेऊ लागला. तसं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. धाकटा दार लावून घेई. असे चार महिने गेले. एके दिवशी दार उघडलं.

"राजाचा माणूस म्हणून सुटलास ना?"

"नाही. शिक्षा चालू आहे."

"मग तू इथे कसा?"

"चल, दाखवतो."

दोघे डोंगर चढले. धाकटा खाणीच्या काठावर उभा राहून, घण उचलणाऱ्या राजाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. अंगणात आल्यावर तो दगडांच्या ढिगापाशी थांबला.

"घर दोन खोल्यांचं बांधू," तो म्हणाला. "एक तुझी."

तात्पर्य: पापाची शिक्षा टळत नाही, पण ती आपल्यासाठी सोसणाऱ्याची कृपा जो नम्रपणे घेतो, तो नवा माणूस होतो.