सुट्टीसाठी खोपा

फार पूर्वी, विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. अश्विनात पिल्लं उडून गेली आणि दोघांना पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली.

"कुठं जायचं गं?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठंही चला. तळ्यावर, नाहीतर डोंगरात."

"पण उतरायला घर नको?" म्हणत तो तळ्याकाठी खोपा विणायला गेला. तिथं वारा फार, म्हणून डोंगरात दुसरा घातला. तिथलं गवत पसंत पडेना, म्हणून नदीवर तिसरा.

पंधराव्या दिवशी तो धापा टाकत परतला. "चल, खोपा तयार आहे!"

"सुट्टी आज संपली," बायको म्हणाली. "आणि अहो, पावसाळाभर मी खोप्यातच तर होते. मला नुसतं उघड्या फांदीवर तुमच्याशेजारी बसायचं होतं."