चोवीस की सतरा

"कंपनी म्हणते लिटरला चोवीस किलोमीटर. मी मोजलं, सतरा! आता खोटं कोण, चाचा?"

लतीफचाचांनी चष्मा चढवला. एस.टी.चे शेकडो ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. श्रीरंग गुंजाळलाही स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता तो मासिकात लिहायचा, नव्या गाड्या चालवून जाहिरातीतले आकडे खोडून काढायचा. कालच छापून आलेला लेख दाखवायला तो त्याच गाडीतून साताऱ्याला आला होता.

चाचांनी लेख शेवटपर्यंत वाचला. चष्मा खिशात ठेवला.

"चल, एक फेरी मारू."

हायवेच्या नाक्यावरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. श्रीरंग चालवायला बसला, चाचा शेजारी. कराडपर्यंत जाऊन परत. वाटेत चाचा खिडकीबाहेर बघत होते.

परतल्यावर त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. एकशेपंधरा किलोमीटर... पाच लिटर.

तेवीस.

श्रीरंगने हिशेब पुन्हा केला. आकडा तोच आला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही शेजारी होतात ना चाचा... म्हणून जरा सांभाळून चालवली."

"आणि सतरा मोजलंस त्या दिवशी?"

"एकटाच होतो."

"हं."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. श्रीरंगने गाडी पंपाबाहेर कडेला घेतली. चाचांकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"एसी फुल्ल ठेवला होता," तो खालमानेने म्हणाला. "काचाही उघड्या. सपाट रस्त्यालाही मुद्दाम तिसऱ्या गिअरवरच रेटत राहिलो... तेवीस लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं, चाचा? कंपनी खोटी पडली की लोक फोन करतात, वा वा म्हणतात..."

चाचा ऐकत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं श्रीरंगला वाटलं.

"चुकलं माझं. पुढच्या अंकात खरं काय ते छापतो. माझ्या नावानिशी."

"छाप."

"आणि यापुढे कधी असं..."

चाचांनी हात वर करून त्याला थांबवलं. दार उघडून ते खाली उतरले. त्यांचं घर अजून पाच किलोमीटर लांब होतं, ऊन रणरणत होतं.

"चाचा, बसा ना! घरापर्यंत सोडतो."

"नको बेटा." चाचांनी दार अलगद लावलं. "मी गाडीत असेपर्यंत तुझं ॲव्हरेज कळायचं नाही."