परत फिरणारी मुलगी

एकदा एका तालुक्याच्या गावात एका विज्ञानपटाने भलतीच खळबळ उडवून दिली. त्या चित्रपटातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका यानात राहतात. आपण दूरच्या ताऱ्याकडे निघालो आहोत, अशी त्यांची श्रद्धा. एके दिवशी एका मुलीला कळते, की यान जमिनीवरून कधी हललेच नाही. खिडकीतले तारे म्हणजे नुसता खेळवलेला प्रकाश. ती दार शोधते, बाहेरच्या मोकळ्या हवेत पाऊल टाकते, आणि आतल्यांना सांगायला परत फिरते.

झाले, हा चित्रपट कोणाच्या विचारांचा, यावर गावात वाद पेटला. कोणी म्हणे ही वेदान्तातली माया, कोणी म्हणे हा बुद्धाचा बोध, कोणी ख्रिस्ताच्या करुणेकडे बोट दाखवी. शेवटी वाचनालयाने निवाड्यासाठी मैथिली कर्वे हिचे व्याख्यान ठेवले. मैथिली तत्त्वज्ञानाची अभ्यासक. चार वेळा चित्रपट पाहून तिने अख्खी वही भरली होती. उत्साहात तिला जेवणखाण सुचेना. आपले वृद्ध गुरू दामोदरशास्त्री यांच्याकडे ती धावतच गेली आणि सगळी टिपणे तिने एका दमात वाचून दाखवली. शास्त्रीबुवांनी शांतपणे ऐकले आणि मलाही एकदा घेऊन चल, एवढेच म्हणाले.

दुपारच्या खेळाला दोघे गेले. शास्त्रीबुवा पुढच्या रांगेत कडेला बसले, आणि थोड्याच वेळात पडद्याकडे पाठ करून चक्क प्रेक्षकांकडे पाहू लागले. मैथिली संकोचली. तिने दोनदा खुणावले. ते हसले फक्त. पडद्यावरची मुलगी दारातून परत फिरली, तशी मैथिली ‘बोधिसत्त्व’ असे लिहायला वहीवर वाकली. गुरूंनी पानावर हात ठेवला आणि मागे बघायची खूण केली.

मैथिली वळली. शेकडो चेहरे उजेडात न्हाले होते. आपसांत हाडवैर असलेले दोन वकील एकाच रांगेत डोळे पुसत होते. हा प्रसंग चारदा पाहूनही तो तिने खऱ्या अर्थाने पाहिलाच नव्हता.

बाहेर आल्यावर शास्त्रीबुवा म्हणाले, “बाळ, तुझी टिपणे अचूक आहेत. या कथेत सगळ्या परंपरांचे काही ना काही आहे. पण त्या सगळ्यांना मुळात एकच कोडे पडले होते. जो सुटला, तो परत का येतो? याचे उत्तर माणसांच्या चेहऱ्यांवर उमटत होते, तेव्हा तू मान खाली घालून लिहीत होतीस.”

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरले. मैथिलीने प्रत्येक परंपरेचे देणे मनापासून, रंगून सांगितले. मग वही मिटून तिने श्रोत्यांना विचारले, “ती मुलगी परत फिरली, तेव्हा तुम्हांला कोण आठवलं?”

वादात सर्वांत मोठा आवाज असलेले गृहस्थ उठले. “माझी थोरली बहीण,” ते म्हणाले, “पुरात ती माझ्यासाठी मागे आली होती.”

त्यानंतर हा चित्रपट कोणाचा, हे मैथिलीला कोणीच विचारले नाही.