दुसऱ्या फेरीत ये

फार पूर्वी, डोंगरांच्या देशात एकाच गावाचे दोन तुकडे होते. मधून नदी वाहायची. उन्हाळ्यात ती गुडघाभर असायची. पावसाळ्यात मात्र अलीकडच्यांना अलीकडे आणि पलीकडच्यांना पलीकडे कोंडून ठेवायची. वैद्य पलीकडे राहायचा. अलीकडे कुणी आजारी पडलं, तर पूर ओसरायची वाट बघायची. कधी पूर आधी ओसरायचा, कधी माणूस आधी जायचं.

अलीकडच्या काठावर एक यंत्रकार राहायचा. पाणी उपसायचा रहाट, उसाचा चरक, वाऱ्यावर फिरणारं जातं, सगळं त्याने बनवलेलं. काही अडलं की तो म्हणायचा, "चालेल!" आणि खरोखरच ते चालायचं. लोक त्याला चालेलराव म्हणू लागले. त्यालाही ते नाव आवडायचं.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याकडेच राहायची. तिचा नवरा असाच एका पावसाळ्यात गेला होता, वैद्याचं घर समोर दिसत असताना. त्याबद्दल ती बोलत नसे. पाऊस लागला की नदीकडची खिडकी तेवढी लावून घ्यायची.

चालेलरावाने ठरवलं, या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणायचा आणि त्यावरून माणसांचा पाळणा न्यायचा. राजाने लाकूड दिलं, लोखंड दिलं. काम जोरात सुरू झालं. तेवढ्यात बातमी आली, की शेजारच्या राज्यातही कुणी असाच पाळणा बांधतंय.

"आपला आधी निघाला पाहिजे," राजा म्हणाला.

"दसऱ्याला निघेल, महाराज," चालेलरावाने शब्द देऊन टाकला. गावोगावी दवंडी पिटली गेली.

दसरा तोंडावर आला आणि पाळणा ज्या लोखंडी कडीला टांगायचा, त्या कडीवर चालेलरावाला एक चीर दिसली. केसाएवढी. त्याने ती अंगठ्याने पुसून पाहिली. पुसली जाईना.

"नवी घडवू या," लोहार म्हणाला, "पण दसरा टळेल हो."

चालेलरावाने कडी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाला, "राहू दे. चालेल."

"तुम्ही म्हणता म्हणजे चालेलच," लोहार म्हणाला आणि भाता आवरू लागला.

दसऱ्याच्या सकाळी काठावर जत्रा भरली. नदीचं पाणी अजून उतरलं नव्हतं. पहिल्या फेरीची माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. कुंभाराची सून तान्ह्या बाळाला घेऊन पाळण्यात बसली. तिच्यासमोर दोन म्हातारे मित्र होते, त्यांचं भांडण आधीच सुरू झालं होतं.

"तू मधे बस. कडेला बसलास तर पाळणा कलंडेल."

"माझ्या पोटावर सणाच्या दिवशी तरी डोळा ठेवू नकोस रे!"

लोक हसत होते. एवढ्यात अक्का आली. नवं लुगडं नेसली होती. पाळण्यात एक जागा रिकामी होती, तिकडे बघून ती म्हणाली, "मी बसते रे इथे."

"अक्का, तू दुसऱ्या फेरीत ये," चालेलराव पटकन म्हणाला.

"का? जागा तर आहे."

"आहे गं. पण दुसरी फेरी बरी."

अक्काने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचा आवाज तिला कळायचा. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस का, दुसऱ्या फेरीत ये म्हणून?"

चालेलरावाने कुंभाराच्या सुनेकडे पाहिलं. ती बाळाला बोट करून पलीकडची घरं दाखवत होती.

ढोल वाजू लागले. राजाने इशाऱ्यासाठी हात उचलला.

"उतरा," चालेलराव म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो ओरडला, "उतरा सगळे! नाही चालणार!"

हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. ढोल अडखळत थांबले.

"चालेलराव, आज बारसं केलंत की काय नवं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"अहो, पहाटेपासून नटवलंय मी पोराला!" कुंभाराची सून चिडून उतरली.

राजा जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "शेजारी हसतील आपल्याला. झालंय तरी काय?"

"कडीला चीर आहे, महाराज. केसाएवढी."

"केसाएवढीच ना?"

"हो. पण तिच्या भरवशावर माझ्या बहिणीला बसवायचं धाडस मला होत नाही. आणि दुसऱ्यांच्या माणसांना मी बसवून बसलो होतो."

राजाने वर कडीकडे पाहिलं. मग त्याने वाळूची पोती भरून पाळणा सोडायला सांगितलं.

पाळणा डुलत निघाला. नदीच्या मध्यावर वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाळणा पोत्यांसकट खाली गेला आणि पाण्याने तो बघता बघता गिळला.

काठावर कुणी हललं नाही. कुंभाराची सून बाळाला छातीशी धरून मटकन खाली बसली. जाडा म्हातारा पाण्याकडे बघत म्हणाला, "मधेच बसलो होतो बरं का मी." त्याच्या मित्राने त्याचा हात घट्ट धरला आणि दोघे एकदम हसू लागले. मग सगळेच हसू लागले. काही जण रडतही होते.

चालेलराव वाळूत बसला होता. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. अक्का शेजारी येऊन बसली.

"नाव गेलं माझं, अक्का."

"जाऊ दे. ती बघ, माणसं जेवायला घरी चालली आहेत."

शेजारच्या राज्याचा पाळणा आधी निघाला. इथला नव्या कडीनिशी थंडीत निघाला, आणि उशीर झाला म्हणून कुणी काही बोललं नाही.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: ज्यात आपल्या माणसाला बसवताना जीभ अडखळते, त्यात दुसऱ्याच्या माणसाला बसवू नये. थांबल्याने नाव मागे पडेल, पण माणसं घरी पोचतील.