आठ शिंगांचा डबा

ही गोष्ट सांगून सांगून कंटाळा आलाय मला. पण घुमे मास्तर चारचौघांत म्हणाला, म्हातारा बनवून सांगतो. म्हणून लिहूनच ठेवतो.

“…मग अडतंय कुठं, महाराज? आठ अँटेना आहेत याला.”

निरंजन साखळकर विचारत होता. पुण्याच्या कंपनीची नोकरी मठात बसून करायची आणि अप्पाबुवा महाराजांपाशी राहून शिकायचं, असा त्याचा बेत. त्यासाठी दुकानातला सगळ्यात मोठा राऊटर आणलेला. आठ शिंगं वर. उताणा पडलेला खेकडा जसा.

कंपनीचं काम उघड्यावर पाठवत नाहीत. एकेक तुकडा कुलूप लावून पाठवायचा, आलेल्याचं कुलूप काढायचं. व्हीपीएन म्हणतात त्याला. ते कुलूपकाम निरंजननं राऊटरवर टाकलेलं. एरवी लाईन घोड्यासारखी पळायची. व्हीपीएन लावलं की गोगलगाय. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर पुण्याला या, असं साहेबानं बजावलं होतं.

म्हणजे मठ सुटला.

“मला त्यातलं काय कळतंय,” अप्पाबुवा म्हणाले. मठात त्या दिवशी डाळिंबीची उसळ. त्यांच्यापुढं मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं. “सोल.”

“महाराज, मी इंजिनिअर आहे.”

“बोटं आहेत ना?”

निरंजन बसला. वाल धरायचा, चिमटायचा, साल इकडं, दाणा तिकडं. एकेक.

अप्पाबुवांनी स्वयंपाकघराकडं हाक दिली, “सुमतीअक्का, याच्यापुढं वालांची एक टोपली ठेवा.”

टोपली आली. मग दुसरी. मग परात.

निरंजन वैतागला. “टोपल्या वाढवून काय होणार, महाराज? सोलणारी बोटं तेवढीच…”

हात तसाच राहिला.

…

अप्पाबुवा सोलत होते.

निरंजन उठला तो तडक तालुक्याला. शिंगं बघून घेतला, कुलूपं लावणारा-काढणारा आतला प्रोसेसर बघितलाच नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. राऊटर बदलून आणला. नवा साबणाच्या डबीएवढा, शिंग एक नाही. पण प्रोसेसर दणकट, कुलूपकामाची त्यात वेगळी सोय. व्हीपीएन लावलं तरी लाईन पळायला लागली. साहेब राजी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन छाती काढून समोर उभा.

“राहायचं नक्की झालं, महाराज. आता ज्ञान द्या. योग, वेदांत, असेल ते सगळं. मी घ्यायला तयार आहे.”

“कालचे वाल?”

“ते… अर्धे राहिले.”

अप्पाबुवांनी पातेलं त्याच्याकडं सरकवलं.

“मग टोपली कशाला मागतोस?”

एवढीच गोष्ट. माफी मात्र अजून यायचीय. घुमे मास्तराची.