तापमानाचं आडनाव

संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचे, त्या काळातली गोष्ट. एका दूध डेअरीच्या संगणकात बारा ओळींची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावून लिहिलेली फाइल, राहायची. दुधाची टाकी किती गार ठेवायची, हे ती सांगायची. तिला लिहिणाऱ्या एकट्या वाघमोडेबाई आणि वाचणारा एकच प्रोग्रॅम.

एकदा स्कीमा तिच्याकडे आला. “मी दारात उभा राहून प्रत्येक ओळ नियमाने तपासतो. ही माझी बहीण नेमस्पेस. ही नावांना आडनावं देते.”

“दादा, घरातल्या घरात कुणी आडनावाने हाक मारतं का?” फाइल म्हणाली. “आणि बारा ओळी बाई नुसत्या नजरेने तपासतात.”

“खरं आहे तुझं,” म्हणत स्कीमा कोपऱ्यात जाऊन बसला. आपली गरज नाही हे इतक्या सहज मान्य करणारा जाणकार विरळाच.

पुढे डेअरीत दुधाच्या पिशव्या तापवून चिकटवायचं यंत्र आलं. बसवणाऱ्याने त्याच्याही ओळी त्याच फाइलीत लिहिल्या. टाकीचं तापमान चार अंश, यंत्राचं एकशे चाळीस; दोन्हींचं नाव नुसतं ‘तापमान’. प्रोग्रॅमने शेवटचं तापमान टाकीचं समजून उचललं आणि टाकी गार करणं थांबवलं. दुपारपर्यंत सगळं दूध नासलं.

फाइलीने मान खाली घालून दोघांना बोलावलं. नेमस्पेसने एका तापमानाला टाकीचं आडनाव दिलं, दुसऱ्याला यंत्राचं. टाकीचं तापमान पाचाच्या वर लिहिलेलं दिसलं, की स्कीमा ती ओळ दारातूनच परत पाठवू लागला.

“दादा, तेव्हाच हट्ट का नाही धरलास?” फाइलीने विचारलं.

“तेव्हा तुझंच बरोबर होतं,” स्कीमा म्हणाला. “घरात दुसरं बिऱ्हाड आलं, त्या दिवशी हाक मारायची होतीस.”